पाऊस, वाफ, वेग आणि एक रेल्वे कंपनी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत इंग्रज चित्रकार टर्नरचं एक तैलचित्र आहे. उंची ९१ सेंटिमीटर, रुंदी १२२च्या आसपास. १८४४ साली रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनात ते पहिल्यांदा लागलं तेव्हा टर्नर एकोणसत्तर वर्षांचा होता, आणि त्याच्या उतारवयातल्या चित्रांची खिल्ली उडवणारे लंडनमध्ये कमी नव्हते. चित्राचं नाव ‘पाऊस, वाफ आणि वेग: ग्रेट वेस्टर्न रेल्वे’. या नावाचा पूर्वार्ध कलेतिहासाच्या पुस्तकांनी डोक्यावर घेतला. धुकट रंग, विरघळलेल्या कडा, पुढे येणाऱ्या इम्प्रेशनिस्टांची चाहूल, हे सगळं त्या तीन शब्दांच्या आधाराने सांगितलं जातं. उत्तरार्धाकडे मात्र फारसं कुणी थांबत नाही. टर्नरला नुसतं ‘एक आगगाडी’ म्हणून भागवता आलं असतं. त्याने कंपनीचं नाव लिहिलं. तेव्हा इंग्लंडात डझनावारी रेल्वे कंपन्या होत्या, आणि त्यांतली हीच कंपनी वेगाच्या वेडापायी बाकीच्यांपासून फटकून वागत होती. ती कशी उभी राहिली हे ठाऊक असेल तर चित्रातलं पुष्कळसं धुकं निवळतं.

आधी चित्रात काय आहे ते पाहू. कॅनव्हासच्या मध्यातून, जिथे आकाश आणि जमीन एकमेकांत मिसळून गेली आहेत तिथून, एक रुंद पूल तिरपा पुढे येतो आणि उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. पुलावर काळं इंजिन, मागे तपकिरी डब्यांची रांग. डावीकडे खाली टेम्स नदी, तिच्यात एक छोटी होडी, काठावर काही माणसं, आणि पलीकडे फिकट उजेडात दुसरा एक जुना कमानींचा पूल. उजवीकडे दूरवर नांगर धरलेला शेतकरी. इंजिनाच्या पुढे रुळांवर जिवाच्या आकांताने धावणारा ससा. हा ससा आता जवळजवळ दिसत नाही, कारण दीडशेहून अधिक वर्षांत त्याचा रंग पारदर्शक होत गेला आहे. १८५९ साली रॉबर्ट ब्रँडर्डने या चित्रावरून केलेल्या कोरीव छापात तो स्पष्ट आहे.

पूल खराखुरा आहे. लंडनच्या पश्चिमेला टॅप्लो आणि मेडनहेड यांच्यामध्ये टेम्सवर तो आजही उभा आहे आणि त्याच्यावरून विजेच्या गाड्या धावतात. टर्नर पूर्वेकडे, म्हणजे लंडनच्या दिशेला तोंड करून पाहतो आहे, असं मानतात. गाडी लंडनहून निघून पश्चिमेला चालली आहे.

पूल बांधला इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेलने. १८३३ साली कंपनीने त्याला इंजिनिअर नेमलं तेव्हा त्याचं वय सव्वीस होतं. १८३५मध्ये पार्लमेंटने लंडन ते ब्रिस्टल मार्गाला मंजुरी दिली. अंतर ११८ मैल. ब्रुनेलने ठरवलं की हा मार्ग होईल तितका सपाट आणि सरळ काढायचा. लंडनकडच्या मोठ्या पट्ट्यात त्याने चढ १,३२० फुटांना एक फूट यापेक्षा जास्त होऊ दिला नाही. लोक थट्टेने या रेल्वेला ब्रुनेलचं बिलियर्ड टेबल म्हणायचे.

हा हट्ट मेडनहेडला येऊन नदीशी भिडला. टेम्सवरची जलवाहतूक सांभाळणाऱ्या मंडळाने बजावलं की होड्यांचा मार्ग आणि काठावरची, होड्या ओढणाऱ्या घोड्यांची वाट मोकळी राहिलीच पाहिजे. म्हणजे पात्रात खांबांची गर्दी नको, आणि कमानींखाली डोलकाठ्यांना पुरेशी उंची हवी. दुसरा कुणी असता तर त्याने पूल मध्ये उंच केला असता, रेल्वे थोडी चढवली आणि उतरवली असती. ब्रुनेलला ते चालणार नव्हतं. म्हणून त्याने पात्रात एकच खांब घेतला आणि दोन्ही बाजूंना १२८ फूट रुंदीच्या दोन विटांच्या कमानी टाकल्या. एवढ्या रुंदीची अर्धवर्तुळाकार कमान केली असती तर ती ६४ फूट उंच झाली असती. ब्रुनेलने ती फक्त २४ फूट उंच ठेवली. विटांची इतकी रुंद आणि इतकी चपटी कमान तोवर कुणी बांधली नव्हती.

चपट्या कमानीत धोका कुठला? कमान आपलं ओझं खाली आणि बाजूला असं दोन्हीकडे ढकलते. भिंतीला टेकवलेली शिडी जितकी आडवी करावी तितका तिचा पाय घसरायला बघतो, तसंच इथे होतं. उंची कमी केली की बाजूचा रेटा वाढतो. तो रेटा पेलायला दोन्ही टोकांचे आधार भक्कम हवेत, आणि मध्ये एकाही विटेला ताण येता कामा नये, कारण वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. पूल कोसळणार असं भाकीत करणारे पुष्कळ होते. त्यात १८३८ साली कमानीखालचा लाकडी साचा वेळेआधी सैल केला गेला आणि एका कमानीचा थोडा भाग वाकला. टीकाकारांना ऊत आला. चूक कंत्राटदाराने कबूल केली आणि काम दुरुस्त झालं. त्यानंतर ब्रुनेलने साचे बरेच महिने तसेच ठेवले. पुढे एका वादळाने ते उडवून लावले, आणि पूल जागचा हलला नाही. साचे आधीच कमानीपासून सुटे केलेले होते, म्हणजे पूल कितीतरी दिवस आपल्याच जोरावर उभा होता, अशीही पुस्ती या गोष्टीला जोडतात. ब्रुनेलच्या स्वभावाला ती शोभते. १ जुलै १८३९ रोजी पुलावरून गाड्या सुरू झाल्या. संपूर्ण मार्ग ३० जून १८४१ला पुरा झाला आणि घोड्याच्या टपालगाडीला जिथे अख्खा दिवस लागायचा ते अंतर चार तासांच्या आसपास आलं. ब्रिस्टलचं घड्याळ लंडनच्या दहा मिनिटं मागे असे. कंपनीने आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनचीच वेळ चालू केली.

मार्ग सपाट झाला, पण तेवढ्याने ब्रुनेलचं समाधान नव्हतं. इंग्लंडातल्या बहुतेक रेल्वेंच्या रुळांमध्ये ४ फूट साडेआठ इंचांचं अंतर होतं. हे माप कोळशाच्या खाणींतल्या वाघिणींकडून वारशाने आलेलं. घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचं माप वाफेच्या इंजिनाने का पाळावं, असा ब्रुनेलचा सवाल होता आणि मला तरी तो रास्त वाटतो. त्याने आपलं माप ७ फूट ठेवलं (पुढे त्यात पाव इंचाची भर पडली). रूळ एकमेकांपासून लांब असले की गाडी कमी हलते, बॉयलर मोठा बसवता येतो आणि चाकं मोठी करता येतात.

मोठी चाकं कशासाठी, याचा हिशेब सोपा आहे. वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढे जाऊन मागे आला की चालतं चाक एकदा फिरतं. ७ फूट व्यासाच्या चाकाचा घेर साधारण २२ फूट. गाडी ताशी ५० मैलांनी धावायची तर मिनिटाला ४,४०० फूट कापायला हवेत, म्हणजे चाक मिनिटाला २०० वेळा फिरलं पाहिजे. तेच चाक ५ फुटांचं असेल तर फेरे २८०वर जातात. त्या काळच्या धातूला, वंगणाला आणि वाफेच्या झडपांना हा फरक झेपणारा नव्हता.

एवढं सगळं बिनचूक करून ब्रुनेलने इंजिनांच्या बाबतीत मात्र घोळ घातला. कारखान्यांना त्याने वजनाच्या आणि दट्ट्याच्या गतीच्या अशा अटी घातल्या की काही विक्षिप्त यंत्रंच हाती आली. एकाची चाकं तर १० फुटांची होती. ही यंत्रं कशीबशी चालू ठेवण्याचं काम पडलं डॅनियल गूचवर. ऑगस्ट १८३७मध्ये त्याला लोकोमोटिव्ह विभागाचा प्रमुख नेमलं तेव्हा त्याला एकवीस वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. आलेल्या इंजिनांत त्याला भरवशाचं वाटलं ते रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्याचं ‘नॉर्थ स्टार’. ते मुळात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या रेल्वेसाठी साडेपाच फुटी मापाने बनवलेलं. तो सौदा फिसकटला आणि इंजिन ७ फुटी करून इथे आलं. गूचने ते समोर ठेवून, आणखी मोठ्या बॉयलरचं आणि मोठ्या फायरबॉक्सचं, म्हणजे भट्टीचं, आपलं इंजिन आखलं. हाच फायरफ्लाय वर्ग. १८४० ते १८४२ या काळात ६२ इंजिनं वेगवेगळ्या कारखान्यांत बनली. गूचने सगळ्यांना छापील आराखडे आणि लोखंडी नमुने पुरवले, म्हणजे एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या इंजिनाला बसावा. ‘फायर फ्लाय’ या पहिल्याच इंजिनाने मार्च १८४०मध्ये ट्वायफर्ड ते पॅडिंग्टन हे जवळपास ३१ मैलांचं अंतर ३७ मिनिटांत कापलं. १३ जून १८४२ रोजी राणी व्हिक्टोरियाने आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास केला तो स्लाव ते पॅडिंग्टन, याच वर्गातल्या ‘फ्लेगेथॉन’मागे बसून. इंजिन चालवायला खुद्द गूच, सोबत ब्रुनेल.

टर्नरच्या चित्रातलं इंजिन याच वर्गातलं मानलं जातं. त्या वर्गातल्या एकाचं नाव होतं ‘ग्रेहाउंड’. ससा आणि ग्रेहाउंड ही जुळणी गमतीची आहे, पण तिच्यावर सिद्धान्त उभारू नये.

आता इंजिनाकडे नीट पाहा. धुरांडं हीच चित्रातली सगळ्यात ठळक, कडक कडांची गोष्ट. बाकी सगळं विरत गेलंय. आणि इंजिनाच्या तोंडावर लालपिवळा जाळ आहे. हे यंत्राच्या हिशेबाने साफ चुकीचं. वाफेच्या इंजिनात भट्टी मागे असते, चालकाच्या पायापाशी. तिथला जाळ बॉयलरच्या पाण्यातून गेलेल्या शेकडो नळ्यांमधून पुढे येतो, पाण्याला उष्णता देत देत निवतो आणि समोरच्या बंद डब्यातून धूर होऊन धुरांड्यावाटे बाहेर पडतो. समोरून पाहणाऱ्याला आग दिसायचा प्रश्नच नाही. टर्नरला बोटींची आणि यंत्रांची चांगली जाण होती, तेव्हा हे अज्ञान म्हणता येणार नाही. त्याने बॉयलरचं पोट जणू उघडून दाखवलं आहे. गूचचं सगळं कसब मोठ्या भट्टीत होतं, आणि ती बाहेरून कुणालाही दिसत नव्हती. इंजिनिअरच्या आराखड्यात जे उभ्या छेदाने दाखवतात ते टर्नरने रंगाने दाखवलं, असं मला वाटतं.

इंजिनामागच्या डब्यांत माणसांचे अस्पष्ट ठिपके आहेत आणि डब्यांना छत नाही. पावसात, वाऱ्यात, निखाऱ्यांच्या ठिणग्या अंगावर घेत माणसं चालली आहेत. कंपनीला गरीब प्रवासी मुळात नकोच होता. सुरुवातीला तिसऱ्या वर्गाला मालगाडीला जोडलेल्या बुटक्या कडांच्या उघड्या वाघिणींत बसवत. २४ डिसेंबर १८४१च्या पहाटे अशीच एक गाडी पॅडिंग्टनहून निघाली. तिच्यात बरेचसे पाथरवट होते. पार्लमेंटची नवी इमारत बांधायच्या कामावरून ते नाताळासाठी घरी चालले होते. मेडनहेडचा पूल ओलांडून गाडी पुढे गेली. रेडिंगच्या अलीकडे सॉनिंग इथे डोंगर कापून काढलेल्या खोल चरात पावसाने दरड घसरून रुळांवर आली होती. इंजिन तिच्यात घुसलं आणि मागच्या जड मालाच्या वाघिणींनी प्रवाशांच्या उघड्या वाघिणी चेंगरल्या. आठ जण जागीच गेले.

या अपघाताने सरकारला जाग आली. व्यापार मंडळाचे अध्यक्ष ग्लॅडस्टन यांनी कायदा आणला. प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी अशी हवी की जिचं तिकीट मैलाला एका पेनीहून जास्त नसेल, जी ताशी निदान १२ मैलांनी जाईल, आणि जिच्यात तिसऱ्या वर्गालाही डोक्यावर छप्पर असेल. कायदा मंजूर झाला ऑगस्ट १८४४मध्ये. टर्नरचं चित्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात लोकांसमोर आलं होतं. तेव्हा ते पाहणाऱ्या लंडनकराला, पावसात उघड्यावर पश्चिमेला निघालेली ग्रेट वेस्टर्नची गाडी पाहून सॉनिंग आठवलं नसेल, हे मला पटत नाही. आपण मात्र ‘पाऊस’ हा शब्द वाचून वातावरणनिर्मितीबद्दल बोलत बसतो.

टर्नर स्वतः या गाडीने फिरला होता. लेडी सायमन नावाच्या बाईंनी सांगितलेली एक हकिगत कलासमीक्षक जॉन रस्किनने पुढे छापली. पश्चिम इंग्लंडातून लंडनला येताना वादळी पावसात त्यांच्या डब्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिडकी उघडायची परवानगी मागितली, डोकं बाहेर काढलं आणि कितीतरी मिनिटं ते तसेच भिजत राहिले. बाईंनीही मग डोकं बाहेर काढून पाहिलं. नंतर अकॅडमीत हे चित्र दिसलं तेव्हा तो म्हातारा कोण हे त्यांच्या ध्यानात आलं. शेजारी कुणी तरी म्हणत होतं की असलं दृश्य कुणी पाहिलं असेल का, आणि बाई म्हणाल्या की मी पाहिलंय. गोष्ट छान आहे आणि बहुधा खरीही असेल. पण खिडकीतून डोकं काढून हा देखावा दिसत नाही. चित्रातली नजर गाडीच्या पुढे आहे, आणि जमिनीपासून बरीच वर, जिथे उभं राहायला जागाच नव्हती. वाऱ्याचा मारा प्रवासातला, जागा मनाची.

सशाची साक्ष एका मुलाची आहे. चित्रकार सी. आर. लेस्ली यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा जॉर्ज, प्रदर्शनाआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायच्या दिवसांत टर्नरच्या मागे उभा राहून पाहत होता. टर्नरने त्याला इंजिनापुढे पळणारा ससा बोटाने दाखवला. पुढे स्वतः चित्रकार झालेल्या जॉर्जने ही आठवण लिहून ठेवली. सशाचा अर्थ विद्वानांनी दोन्ही बाजूंनी लावला आहे. कुणी म्हणतं निसर्गातला वेग यंत्राच्या वेगापुढे हरतोय, कुणी म्हणतं ससा पुढेच आहे. फायरफ्लाय पूर्ण भरात असेल तर ससा हरणार, हे मात्र नक्की.

समीक्षकांत कादंबरीकार विल्यम मेकपीस ठाकरे चित्रावर खूश झाला. गाडी एवढ्या जोरात येतेय की ती समोरची भिंत फोडून निघून जायच्या आत वाचकांनी चित्र पाहून घ्यावं, अशी थट्टा त्याने ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये केली. रस्किनची गोष्ट निराळी. टर्नरचा सगळ्यात मोठा वकील तो, पण रेल्वेचा त्याला मनस्वी तिटकारा. त्याने या चित्राबद्दल जवळजवळ मौनच पाळलं. फ्रान्समध्ये मात्र ते पोहोचलं. मोने आणि पिसारो १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धकाळात लंडनमध्ये राहिले होते. १८७४ला पॅरिसमधल्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात फेलिक्स ब्राकमाँने या चित्रावरून केलेलं एचिंग मांडलेलं होतं, आणि तीन वर्षांनी मोनेने सेंट-लाझार स्थानकाची चित्रं लावली.

चित्राची कीर्ती वाढत असताना ते सात फुटी रूळ मात्र हरत गेले. रुंद आणि अरुंद रूळ ग्लॉस्टरला भेटत. तिथे एका गाडीतला सगळा माल उतरवून दुसरीत चढवावा लागे. सामान हरवे, फुटे, हमालांची आरडाओरड चाले. सरकारने गेज कमिशन नेमलं. १८४५ला दोन्ही बाजूंच्या इंजिनांच्या चाचण्या झाल्या. ग्रेट वेस्टर्नतर्फे फायरफ्लाय वर्गातलं ‘इक्सायन’ धावलं आणि ताशी ६० मैलांपर्यंत पोहोचलं. अरुंद रुळांच्या बाजूचं एक इंजिन चाचणीत चक्क उलटलं. कमिशनने रुंद मापाची सरशी कबूल केली आणि निकाल अरुंद मापाच्या बाजूने दिला. कारण देशात अरुंद मार्ग १,९०१ मैल होता आणि रुंद फक्त २७४. शर्यत जिंकून खटला हरायचा हा प्रकार पाहून ब्रुनेल आणि गूच किती चडफडले असतील! १८४६च्या कायद्याने नव्या मार्गांना ४ फूट साडेआठ इंच हेच माप लावून दिलं. ग्रेट वेस्टर्नने तरी हळूहळू, मार्गामागून मार्ग बदलत आणखी शेहेचाळीस वर्षं काढली. शेवटचा टप्पा मे १८९२च्या एका शनिवार-रविवारी झाला. चार हजारांवर कामगारांनी एक्झेटरच्या पश्चिमेचे उरलेले सगळे रूळ उचलून जवळ सरकवले आणि सोमवारी नव्या मापाच्या गाड्या सुटल्या.

या भांडणाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. ग्लॅडस्टनच्या हाताखाली व्यापार मंडळात काम करणारा, आणि त्याच्यानंतर अध्यक्षपदी आलेला माणूस म्हणजे लॉर्ड डलहौसी. गेजची सगळी बजबजपुरी त्याने खुर्चीतून पाहिली होती. १८४८ला तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि इथे एकच माप ठेवा, दोन मापांचं दुखणं लावून घेऊ नका, असं त्याने निक्षून लिहिलं. त्याला ६ फुटी रूळ हवे होते. शेवटी साडेपाच फुटांवर तडजोड झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच मापाच्या रुळांवरून गेली. तिला जोडलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं बनवली होती लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीने. १८३७च्या डिसेंबरात ग्रेट वेस्टर्नच्या रुळांवर सर्वांत आधी चालवलेलं इंजिनही याच कारखान्याचं होतं. डलहौसी गेल्यावर त्याचा इशाराही गेला. १८७०मध्ये लॉर्ड मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटरगेज आलं, आणि नॅरोगेजही पसरलं. मिरजेत तर एकेकाळी तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत, आणि ग्लॉस्टरच्या हमालांनी जे सोसलं ते तिथल्या हमालांच्याही वाट्याला आलं.

फायरफ्लाय वर्गाची इंजिनं १८७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकेक करून भंगारात गेली. ‘नॉर्थ स्टार’ कंपनीने स्विंडनच्या कारखान्यात जपून ठेवलं होतं, पण १९०६ला जागा अडते म्हणून तेही मोडलं. पुढे रेल्वेच्या शताब्दीला चूक उमगली तेव्हा त्याचे उरलेसुरले भाग गोळा करून १९२५साठी त्याची प्रतिकृती करावी लागली. अस्सल सातफुटी इंजिन आज एकच शिल्लक आहे, आणि तेही साउथ डेव्हन रेल्वेचं, ‘टायनी’ नावाचं, उभ्या बॉयलरचं, यार्डातल्या वाघिणी ढकलणारं. ‘फायर फ्लाय’ची चालती प्रतिकृती मात्र उत्साही मंडळींनी कित्येक वर्षं खपून तयार केली. २००५ला तिने डिडकोटच्या रेल्वे केंद्रात, मुद्दाम टाकलेल्या सातफुटी रुळांच्या छोट्याशा तुकड्यावर वाफ धरली. तिची भट्टी अर्थातच मागे आहे.